जॉश ॲलन अपवाद की धडा? कॉलेजचा क्वार्टरबॅक पारखायचा कसा

गोफण (धागाकर्ता):

एप्रिल जवळ आला की अमेरिकी फुटबॉलच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हा पोरगा म्हणजे पुढचा जॉश ॲलन." उंचापुरा, दांडगा, साठ यार्डांवर चेंडू भिरकावणारा, पण दहा यार्डांवरचा सोपा पास झेलणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावरून घालवणारा कुणी कॉलेजात दिसला की हे नाव त्याला चिकटतंच. मग एखादा संघ त्याला पहिल्या दहात उचलतो आणि तीनेक वर्षांनी त्याच जागेसाठी पुन्हा शोधाशोध सुरू होते.

इथे नवीन असलेल्यांसाठी थोडक्यात. एनएफएलमध्ये ३२ संघ. दर वर्षी कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू ते सात फेऱ्यांत आळीपाळीने निवडतात, हाच ड्राफ्ट; आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ सगळ्यात आधी. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. बाकी कुठलीही जागा चुकली तर संघ सावरतो, क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि पास फेकणारा गडी, चुकला तर प्रशिक्षक आणि जनरल मॅनेजर दोघांच्या नोकऱ्या जातात.

आता ॲलन. वायोमिंगकडून खेळताना २०१६ मध्ये ५६ टक्के पास पूर्ण (म्हणजे आपल्याच गड्याने झेललेले), २०१७ मध्ये ५६.३. ओरेगॉनसारखा मोठा संघ समोर आला तेव्हा २४ पैकी ९ पास आणि एकूण ६४ यार्ड. तरीही २०१८ मध्ये बफेलो बिल्सने दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी टॅम्पा बेला देऊन बाराव्यावरून सातव्या क्रमांकावर उडी मारली आणि त्याला घेतलं. २०२४ च्या मोसमाचा तो एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू.

दुसरीकडे अँथनी रिचर्डसन. फ्लोरिडात २०२२ मध्ये ५३.८ टक्के. कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड ४.४३ सेकंदांत पळाला, जागेवरून ४०.५ इंच उंच उडी मारली. २०२३ मध्ये कोल्ट्सने चौथ्या क्रमांकावर घेतला. २०२४ मध्ये त्याचे पूर्ण पास ४७.७ टक्के.

माझं मत स्पष्ट आहे: अचूकता शिकवून येत नाही. ॲलन अपवाद आहे, आणि अपवादाच्या भरवशावर कुणी आपल्या संघाची पाच वर्षं लावू नयेत. तुम्ही कॉलेजचा क्वार्टरबॅक बघताना नेमकं काय बघता?

बफेलोकर:

गोफणराव, आमच्या देवाला हात घातलात, आता ऐका.

५६ टक्के हा आकडा कुठे आणि कुणाबरोबर आला ते आधी पाहू. वायोमिंगचं मैदान लॅरमीला, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, आणि तिथला वारा म्हणजे वारा. २०१६ मध्ये त्याच्यासमोर चेंडू मागे देणारा सेंटर चेस रुलिए होता आणि मागे चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक ब्रायन हिल. २०१७ मध्ये दोघेही एनएफएलमध्ये निघून गेले, रिसीव्हर टॅनर जेंट्रीही कॉलेज संपवून बाहेर पडला. उरलेल्या संघातल्या प्रत्येक खेळीत ॲलनला चमत्कार करावा लागत होता, आणि तो करायला जायचा. ओरेगॉनचा सामना त्या वर्षीचा आहे.

त्यात हा मुलगा कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ गावच्या शेतकऱ्याचा. हायस्कूलनंतर एकाही मोठ्या कॉलेजने विचारलं नाही. रीडलीच्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला, देशभरातल्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवत बसला, तेव्हा कुठे वायोमिंगने दार उघडलं. इतरांना पंधराव्या वर्षापासून मिळणारं खास क्वार्टरबॅकचं प्रशिक्षण त्याला मिळालंच नव्हतं.

आता एनएफएलमधले आकडे क्रमाने बघा: २०१८ ला ५२.८, २०१९ ला ५८.८, २०२० ला ६९.२. दर वर्षी एक पायरी वर. याला अपवाद म्हणून बाजूला काढू नका. तो कसा सुधारला ते शिकण्यासारखं आहे. माझ्या मते धडाच.

निवांत_पाटील:

सांगलीहून वाचतोय, झकास धागा. आमच्याकडे सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. मागे गुण झाला म्हणून "टचडाउन" असं जोरात ओरडलो तर शेजारचे काका दूधवाला आला समजून पातेलं घेऊन बाहेर आले. त्यांना चहा पाजला, आता ते दर वर्षी येतात.

आकडेशास्त्री:

नुसते पूर्ण पासांचे टक्के घेऊन भांडण्यात अर्थ नाही. एक जण पाच यार्डांवर आडवे पास देऊन ७० टक्के करतो, दुसरा वीस यार्डांपुढे फेकत ५८ करतो. दोघांना एका तागडीत कसं तोलणार?

मी आधी बघतो ते सॅक, म्हणजे पास सुटायच्या आधीच क्वार्टरबॅकला पाडणं. लोक म्हणतात सॅक हा त्याच्यासमोर भिंत धरणाऱ्या ऑफेन्सिव्ह लाइनचा दोष. तो अर्धाच खरा आहे. दबाव आला की त्यातल्या किती वेळा गडी पाडला जातो, हे प्रमाण बरंचसं क्वार्टरबॅकचं स्वतःचं असतं, आणि ते कॉलेजातून त्याच्याबरोबर वर येतं. जस्टिन फील्ड्स ओहायो स्टेटमध्ये चेंडू फार वेळ हातात धरायचा. २०२२ मध्ये शिकागोत त्याला ५५ वेळा पाडलं. लाइन वाईट होतीच, पण सवयही जुनी होती. केलेब विल्यम्स यूएससी कॉलेजात असाच जादू शोधत पॉकेटबाहेर (लाइनने राखलेल्या जागेबाहेर) भटकायचा. पहिल्याच मोसमात, २०२४ मध्ये, ६८ सॅक.

दुसरं म्हणजे साफ पॉकेटमधला खेळ. समोर कुणी नाही, वेळ आहे, पाय जमिनीवर आहेत, तेव्हा चेंडू कुठे जातो? दबावाखालची कामगिरी वर्षागणिक हेलकावे खाते, साफ पॉकेटमधली बऱ्यापैकी टिकते. स्वच्छ पॉकेटमधून चुकणाऱ्याला मी लांबूनच नमस्कार करतो.

मधुमालती:

पहिल्यांदाच लिहितेय. नवरा आणि मुलगा रविवारी टीव्हीला चिकटलेले असतात म्हणून मीही हळूहळू बघायला लागले. एक कळत नाही. रणजीत धावांचा डोंगर रचणारा कसोटीत चाचपडतो, ते मी समजू शकते, गोलंदाजी बदलते. पण इथे मैदान तेच, चेंडू जवळपास तोच, माणसं अकराच. मग कॉलेजात एवढा भारी खेळणारा वर जाऊन असा का गडबडतो?

कोलंबसची_मावशी:

मधुमालती, प्रश्न अगदी मुळाचा आहे गं. आणि मैदान तेच नाहीये!

मैदानावर मधोमध दोन ओळींत छोट्या रेघा दिसतात ना, त्यांना हॅश म्हणतात. प्रत्येक खेळी त्या दोन ओळींच्या मधूनच सुरू होते. कॉलेजात त्या ओळींत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा फूट. म्हणजे कॉलेजात चेंडू एका कडेला असला की दुसऱ्या बाजूला मोकळं रान पसरलेलं असतं. बचाव करणाऱ्यांना तिकडे पसरावंच लागतं, त्यामुळे ते काय करणार हे आधीच उघडं पडतं. वर चेंडू कायम मधोमध, बचावाला लपवाछपवी करायला भरपूर वाव. म्हणूनच स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे लोक, कॉलेजच्या फिल्ममध्ये लांबच्या हॅशवरून पलीकडच्या कडेला मारलेला पास शोधून काढतात. तो ताकदीशिवाय पोचत नाही.

दुसरं, डोक्याचं काम. कॉलेजातल्या बऱ्याच संघांत प्रशिक्षक कडेला उभा राहून बचाव बघतो आणि पाट्या, खुणा दाखवून खेळी बदलतो. पोरं मान वळवून बघतात आणि तसं करतात. एनएफएलमध्ये १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, पण घड्याळावर १५ सेकंद उरले की तो बंद होतो. पुढे त्याचा तो. कोण ब्लिट्झ करणार (त्याच्यावर धावून येणार), कुणी कुणाला अडवायचं, हे त्यालाच ओरडून सांगायचं असतं. कॉलेजात रेडिओ आला तोच मुळी २०२४ मध्ये.

आणि तिसरं, ओहायो स्टेटचे रिसीव्हर इतके मोकळे सुटतात की त्यांना पास देणारा प्रत्येक मुलगा राजबिंडा दिसतो. हे मी इथे राहून, आमच्या मुलांवर जीव असूनही म्हणतेय.

मधुमालती:

मावशी, किती छान समजावलंत. रविवारी घरात हॅशबद्दल बोलले तर दोघांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं :)

सह्याद्रीवारा:

मावशींच्या तिसऱ्या मुद्द्यावर एक. ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडबद्दलही हेच बोललं जायचं: रिसीव्हर भारी म्हणून हा भारी. शिवाय पॉकेट मोडलं की तो काही करत नाही. मग ३१ डिसेंबर २०२२ ला जॉर्जियाविरुद्ध पीच बोल हा सामना झाला. ओहायो स्टेट ४२-४१ असा हरला, पण स्ट्राउड त्या दिवशी देशातल्या सगळ्यात खडूस बचावासमोर पळाला, निसटला, पळता पळता पास दिले, चार टचडाउन केले. ज्यांनी तो एक सामना नीट पाहिला त्यांना पुढचं कळलं होतं.

त्यानंतर ड्राफ्टच्या तोंडावर एस-२ नावाच्या बौद्धिक चाचणीचे गुण फुटले. स्ट्राउडचे फार कमी, ब्राइस यंगचे जवळजवळ पैकीच्या पैकी. कॅरोलायना पँथर्सने २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर यंगला घेतलं, ह्यूस्टनने दुसऱ्यावर स्ट्राउडला. वर्षातला सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला स्ट्राउड. यंगला २०२४ मध्ये दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं. खरी चाचणी मैदानावर होते, आणि तिची फिल्म सगळ्यांसाठी उघडी असते.

राघू:

चाचण्यांवरून आठवलं. २०२२ मध्ये पिट्सबर्ग कॉलेजच्या केनी पिकेटने सीनियर बोलमध्ये (शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्यात) हाताच्या पंजाचं माप देणं टाळलं, कम्बाइनपर्यंत लांबवलं. शेवटी मोजलं तर साडेआठ इंच, क्वार्टरबॅकसाठी फार लहान. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच!

बफेलोकर:

राघू, हहपुवा.

पण सिनसिनाटीच्या जो बरोचाही हात नऊ इंचच भरला होता आणि चेंडू व्यवस्थित सांभाळतोय. आमच्या ॲलनचा दहाच्या वर आहे, बफेलोच्या बर्फात तो कामाला येतो हे मात्र खरं.

मिरजकर:

राघूने पिकेट काढलाच आहे तर त्याच ड्राफ्टचं दुसरं टोक बघा. २०२२ मध्ये पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक गेला तो एकटा पिकेट, विसाव्या क्रमांकावर. आणि त्या वर्षी सगळ्यात शेवटी, २६२ व्या क्रमांकावर ज्याचं नाव पुकारलं तो ब्रॉक पर्डी. दुसऱ्याच मोसमात तो फोर्टीनाइनर्सना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला.

पर्डी आयोवा स्टेटकडून चार वर्षं खेळला. उंची बेताची, हात साधारण, वेग साधारण. पण हजारो वेळा वेगवेगळे बचाव बघून झालेले. नामांकित प्रशिक्षक बिल पार्सेल्सचे जुने नियम सांगतात ते हेच: तीन वर्षं मुख्य क्वार्टरबॅक असलेला, शेवटच्या वर्षापर्यंत थांबलेला, पदवी पुरी केलेला मुलगा घ्या. कॉलेजात १३ सामने मुख्य म्हणून खेळलेला मिच ट्रुबिस्की २०१७ मध्ये शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर घेतला, १३ च सामन्यांवर रिचर्डसन चौथ्यावर गेला. अनुभव विकत मिळत नाही.

आजकाल कॉलेज बदलणं सोपं झालंय आणि २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसेही मिळतात, त्यामुळे पोरं थांबतात. बो निक्स ऑबर्न आणि ओरेगॉन मिळून मुख्य म्हणून ६१ सामने खेळून आला. जेडन डॅनियल्स पाच वर्षं खेळून आला आणि २०२४ चा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू झाला. मला हे चांगलं लक्षण वाटतं.

सह्याद्रीवारा:

मिरजकर, सामन्यांची संख्या मोजून होत नाही हो. कॅम न्यूटन ऑबर्नमध्ये एकच मोसम मुख्य होता. २०११ ला पहिला क्रमांक, २०१५ चा एमव्हीपी. आणि पिकेट स्वतः पिट्सबर्गमध्ये पाच वर्षं होता.

मिरजकर:

न्यूटनसारखा देह आणि पाय शंभर वर्षांत एखाद्याला. त्याच्यावरून नियम बांधला की गोफण म्हणतात तीच गत होते.

पण पिकेटचा मुद्दा मान्य. पाच वर्षांत चार वर्षं बेतास बात आणि शेवटचं एकच चमकदार असेल, तर त्या एका वर्षात काय बदललं ते शोधलं पाहिजे. नुसतं वय वाढलं आणि समोरची पोरं लहान राहिली, असंही असू शकतं.

टेक्सासचा_टोणगा:

टेक्सास टेकचा विषय निघाल्याशिवाय हा धागा पुढे जाऊ देणार नाही.

२२ ऑक्टोबर २०१६, लबक. टेककडून पॅट्रिक महोम्सचे ७३४ यार्ड पास, एकूण ८१९ यार्ड. समोर ओक्लाहोमाचा बेकर मेफील्ड, त्याचे ५४५ यार्ड आणि सात टचडाउन. ओक्लाहोमा ६६-५९ असा जिंकला. इतकं होऊनही लोक म्हणत होते, टेक्सास टेकची एअर रेड, म्हणजे सतत पास फेकायची पद्धत, तिथे कुणीही आकडे काढतो, याआधीचे टेकचे सगळे क्वार्टरबॅक वर जाऊन पडले. त्यात महोम्सचे पाय कुठेही, फेक कुठूनही, पॉकेटमधून मागे मागे पळायचा. एका अर्थाने तोही "कच्चा"च होता.

चीफ्सनी २०१७ मध्ये २७ व्यावरून दहाव्या क्रमांकावर येऊन त्याला घेतलं. ती दहावी जागा कुणाची होती? बफेलोची! बफेलोकर, क्षमा असावी.

बफेलोकर:

जखमेवर मीठ चोळून क्षमा मागतोय. पण ती जागा सोडली म्हणूनच पुढच्या वर्षी ॲलन आला. आम्ही सुखात आहोत, फक्त जानेवारीत बाद फेरीत चीफ्स समोर आले की डोळे भरून येतात.

वैशाली_कॉलिंग:

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. क्वार्टरबॅक पारखण्याच्या इतिहासात रंगभेद खोलवर आहे आणि तो विसरून ही चर्चा पुरी होत नाही.

वॉरन मून वॉशिंग्टन विद्यापीठाला घेऊन १९७८ चा रोझ बोल जिंकला, त्या सामन्याचा मानकरी ठरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने घेतलं नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथलं अजिंक्यपद, ग्रे कप, पाचदा जिंकला, मग एनएफएलमध्ये आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. काळा मुलगा असला की "हा पळतो छान, याला रिसीव्हर करा" असं म्हणायची पद्धतच होती. २०१८ मध्येही, कॉलेजचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हाइझमन जिंकलेल्या लामार जॅक्सनबद्दल बिल पोलियनसारखा अनुभवी माणूस त्याने रिसीव्हर व्हावं असं म्हणाला. लामार ३२ व्या क्रमांकापर्यंत घसरला. त्याला घेणाऱ्या खुद्द रेव्हन्सनीसुद्धा त्या रात्री आधी २५ व्या क्रमांकावर दुसऱ्याच जागेचा खेळाडू, टाइट एंड हेडन हर्स्ट, घेतला होता.

लामार दोनदा एमव्हीपी झाला, २०१९ आणि २०२३. एखाद्या मुलाच्या अहवालात "नैसर्गिक खेळाडू" लिहिलंय की "खेळाची समज" लिहिलंय, ते कुणाबद्दल काय लिहिलंय, हे मी आवर्जून वाचते.

कोलंबसची_मावशी:

वैशाली, अगदी मनापासून अनुमोदन. शब्दन् शब्द.

आकडेशास्त्री:

वैशालीताईंच्या प्रतिसादातून गोफण यांच्या मूळ प्रश्नाकडे जायला वाट मिळते.

२०१८ च्या पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: मेफील्ड पहिला, डार्नल्ड तिसरा, ॲलन सातवा, रोझन दहावा, लामार बत्तिसावा. कॉलेजातल्या अचूकतेत मेफील्ड सगळ्यांच्या पुढे, शेवटच्या वर्षी ७० टक्क्यांच्या वर. पाचांत तळाला कोण? ॲलन ५६ च्या आसपास आणि लामार कारकिर्दीत ५७. एमव्हीपी कोण झाले? तेच दोघे.

एका वर्षावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. पण "कमी अचूकता म्हणजे फुली" हा सिद्धांतही या एका वर्षात उभा राहत नाही.

गोफण:

आकडेशास्त्री, हा मुद्दा जोरदार आहे. पण लामारचे पाय हे वेगळंच शस्त्र आहे, त्याच्यामुळे बचाव आधीच अर्धा गोठलेला असतो. शुद्ध फेकीपुरतं बोलू. ॲलनमध्ये असं काय होतं जे रिचर्डसनमध्ये नव्हतं? आधीच दिसू शकेल असं काही? दिसत नसेल तर हा जुगारच झाला.

टेक्सासचा_टोणगा:

संघ! मुलगा कुठे पडतो ते बघा ना. महोम्सला चीफ्सनी पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवलं. ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसला. जॉश रोझनला ॲरिझोनाने एका वर्षात हाकललं, कारण नवा प्रशिक्षक आला आणि २०१९ मध्ये त्यांनी पहिल्या क्रमांकावर कायलर मरी घेतला. सॅम डार्नल्ड जेट्समध्ये संपला असं सगळ्यांनी लिहून टाकलं, आणि २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. मेफील्ड क्लीव्हलंडहून निघून टॅम्पात फुलला. ही पोरं काय एका रात्रीत शहाणी झाली?

मिरजकर:

टोणगेबुवा, बसवून ठेवणं आता परवडत कुठे? २०१० मध्ये सॅम ब्रॅडफर्डला खेळायच्या आधीच ५० मिलियन डॉलर्सची हमी मिळाली होती. २०११ च्या करारानंतर नव्या खेळाडूंचे पगार ठरीव झाले. त्यामुळे पहिल्या चार वर्षांत क्वार्टरबॅक स्वस्त असतो आणि वाचलेल्या पैशांत बाकी संघ बांधता येतो. ती चार वर्षं बाकावर घालवायला मालक तयार नसतात. पोरगं कच्चं असो की पिकलेलं, सप्टेंबरमध्ये उतरवतात.

वैदर्भी:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सिनसिनाटीजवळ राहते, कामात बेसबॉलचे पिचर बरेच येतात. फुटबॉल वेगळा, पण फेकणाऱ्या शरीराचा क्रम तोच असतो. जोर जमिनीतून येतो: आधी पाय, मग कंबर वळते, मग छाती, खांदा, कोपर आणि शेवटी मनगट. यातलं एक जरी आधी किंवा उशिरा झालं तर उरलेलं काम हाताला करावं लागतं, आणि हात दर वेळी वेगळं करतो.

म्हणून "अचूकता शिकवता येते का" या प्रश्नाला माझ्या दृष्टीने एकच उत्तर नाही. चेंडू चुकण्याची कारणं निरनिराळी असतात. पाऊल फार लांब पडलं, कंबर उशिरा वळली, चेंडू वर गेला: हे दुरुस्त होतं, वेळ लागतो पण होतं. बघायलाच उशीर झाला आणि मग घाईत फेकला: हे फिल्म बघून, सरावाने बऱ्यापैकी सुधारतं. पण पाय जागेवर, वेळ हातात, बघितलंही बरोबर, तरीही प्रत्येक वेळी चेंडू वेगळीकडे जातो, हे सगळ्यात अवघड.

ॲलन पहिल्या प्रकारातला होता. हाताचा जोर एवढा की पायांकडे लक्ष द्यायची कधी गरजच पडली नव्हती. क्वार्टरबॅक घडवणाऱ्या जॉर्डन पामरबरोबर उन्हाळे घालवून त्याने कंबर आणि पायांचा क्रम बसवला. रिचर्डसनचे जे पास मी पाहिले त्यात जवळचे, सोपे, मोकळ्या रिसीव्हरला दिलेले पासही पायाशी किंवा पाठीमागे जात होते. त्यात खांद्याच्या दुखापतीने २०२३ मध्ये चारच सामने मिळाले, आणि ज्याला सगळ्यात जास्त सरावाची गरज तोच बाहेर बसला.

सह्याद्रीवारा:

वैदर्भी, हा धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद. तुमच्या गावच्या बरोचंही यात बसतं. २०१८ मध्ये एलएसयू कॉलेजात ५७.८ टक्के, २०१९ मध्ये ७६.३, ६० टचडाउन आणि फक्त ६ इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). हात तोच. बदललं ते आक्रमण: प्रशिक्षक जो ब्रेडी आला, पाच-पाच रिसीव्हर मैदानभर पसरले, बरोला स्नॅपच्या (खेळी सुरू व्हायच्या) आधीच चित्र स्पष्ट दिसायला लागलं. तुमचा दुसरा प्रकार. गंमत म्हणजे ॲलन एमव्हीपी झाला तेव्हा बफेलोचं आक्रमण सांभाळत होता तोच जो ब्रेडी.

वैदर्भी:

आणि २०२२ च्या जानेवारीत टेनेसीविरुद्ध बरोला नऊ वेळा पाडलं, तरी बेंगाल्स जिंकले १९-१६. आमच्याकडे अजून त्या सामन्याच्या गोष्टी निघतात. पाडल्यावर उठून पुढच्या खेळीत नजर पुन्हा मैदानावर वर राहते का, समोरच्या धिप्पाड माणसांकडे खाली जाते, हे कॉलेजच्या फिल्ममध्येही दिसतं. मी ते बघते.

गोफण:

मग प्रश्न जरा नेमका करतो. टक्केवारी किती, याऐवजी चुकलेले पास एकेक काढून "का चुकला" ते लिहायचं. ॲलनच्या बाबतीत हे २०१८ मध्ये करता आलं असतं, रिचर्डसनच्या बाबतीत २०२३ मध्येही. अपवाद-अपवाद म्हणतो ते त्या मानाने कमी होतील.

तरीही माझा आग्रह कायम आहे. पहिल्या प्रकारातला मुलगा असला तरी त्याला पहिल्या दहात घ्यायचं तर शिकवणारा माणूस संघात आधीपासून पाहिजे आणि दोन वर्षं धीर धरायची तयारी पाहिजे. बफेलोत आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबोल होता, २०२० ला रिसीव्हर स्टेफॉन डिग्स आणून दिला. हे नसेल तर घेऊ नका.

बफेलोकर:

यावर माझी सही. फक्त एक भर. ॲलनला पहिल्या वर्षी ५२.८ टक्क्यांवरही संघातल्या कुणी परकं मानलं नाही. लाइनमधली माणसं त्याच्यासाठी जीव टाकायची. वायोमिंगच्या लोकांशी बोललात तर तेही हेच सांगतात. हे कम्बाइनमध्ये मोजता येत नाही, पण कॉलेजच्या प्रशिक्षकांना, ट्रेनरना, कपडे धुणाऱ्या माणसांना विचारलं की कळतं, आणि चांगले स्काउट विचारतात.

निवांत_पाटील:

शेजारचे काका विचारतायत, यंदा कॉलेजचे सामने बघायचे तर सुरुवात कुठून करू?

कोलंबसची_मावशी:

काकांना सांगा, संपूर्ण सामना पुन्हा बघायची गरज नाही. थर्ड डाउनच्या (तिसऱ्या प्रयत्नाच्या), सातपेक्षा जास्त यार्ड हवे असलेल्या खेळी तेवढ्या बघा. बचावाला माहीत असतं की पास येणार, क्वार्टरबॅकलाही माहीत असतं की त्यांना माहीत आहे. तिथे प्ले-ॲक्शनचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणार असं दाखवायचं, सोंग चालत नाही. चेंडूकडे बघू नका, आधी त्याचे पाय बघा, मग डोकं कितीदा वळतं ते बघा, आणि चेंडू रिसीव्हर वळायच्या आधी सुटला की नंतर. असे दोन-तीन सामने झाले की काकांना इथे लिहायला सांगा, त्यांचं मत वाचायला आवडेल.